एकच दर चोवीस ठिकाणी : वेबसाइटची साफसफाई केवढ्याला पडते?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. लोणावळा, खंडाळा, कार्ला आणि पवनाकाठच्या नोंदणीकृत हॉटेल-बंगलेवाल्यांना बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा दर एका जागी बदलून भागलं. वेबसाइटचं तसं नसतं. ‘जीएसटी १२ टक्के वेगळा’ ही ओळ होमपेजवर असते, प्रत्येक बंगल्याच्या पानावर असते, नियम-अटींत असते, आणि इंग्रजी पानांवर पुन्हा तितक्याच वेळा असते. त्यातही कुठे ‘१२%’ असतं, कुठे ‘बारा टक्के’, कुठे ‘कर वेगळा’. आणि काही पानांवर कर धरूनच भाडं छापलेलं असतं. ५,००० च्या खोलीचे ५,६०० लिहिलेले असतात, तिथे बारा हा आकडाच नसतो. त्यामुळे ‘शोधा आणि बदला’ ही युक्ती ते पान पकडू शकत नाही. उलट नुसता १२ शोधून सरसकट ५ केला, तर दुपारी बाराच्या चेक-आउटचे पाच वाजतात.

मावळातल्या छोट्या पर्यटन व्यावसायिकाचा वेबसाइटवरचा खरा खर्च इथे होतो. साइट बनवताना दिलेली रक्कम सगळ्यांच्या लक्षात राहते. नंतर प्रत्येक बदलासाठी हजार-दोन हजार करत जाणारी रक्कम मात्र कोणी मांडून बघत नाही. ती किती होणार हे एकाच गोष्टीवर ठरतं : तुमच्या साइटच्या कोडमध्ये तीच ती गोष्ट किती ठिकाणी लिहिली आहे. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जे दिसतं त्याचा कोड, ज्याला या धंद्यात फ्रंट-एंड म्हणतात, तो एकदा नीट आवरून घेतला तर पुढचा खर्च खाली येतो. पण आवरण्याचेही पैसे पडतात, आणि ते प्रत्येकाला परवडतातच असं नाही. कोणाला परवडतात, किती द्यावेत आणि देताना काय पाहावं, ते पुढे मांडलं आहे.

आधी हिशेब

एक नमुना घेऊ. पवनाकाठी पाच बंगले आणि टेंटचा एक कॅम्प चालवणारं एखादं कुटुंब. साइटवर होमपेज, पाच बंगल्यांची पाच पानं, कॅम्पचं एक, जेवणाचं एक, आसपासच्या ठिकाणांचं एक, फोटोंचं एक, नियम-अटींचं एक आणि संपर्काचं एक, अशी बारा पानं. मराठी आणि इंग्रजी मिळून चोवीस. साइट काही वर्षांपूर्वी हाताने बनवलेली. पहिलं पान तयार झालं, त्याची नक्कल करून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं, असं काम झालेलं. लहान साइट घाईत उभ्या राहतात त्या बहुधा अशाच.

डेव्हलपरचा दर आपण तासाला ८०० रुपये धरू. हा दर फक्त हिशेबासाठी घेतला आहे. तुम्हाला मिळालेला दर त्या जागी घालून गणित पुन्हा करा. प्रत्येक पानाच्या तळाशी असलेल्या पट्टीतला मजकूर बदलायचा आहे. फाइल उघडणं, जागा शोधणं, बदलणं, सर्व्हरवर चढवणं आणि मोबाइलवर बघणं, याला पानामागे दहा मिनिटं धरली तर चोवीस पानांचे चार तास झाले. शेवटी सगळीकडून एकदा नजर फिरवायला एक तास. पाच तासांचे ४,००० रुपये.

असे बदल वर्षात किती होतात? पावसाळी विकेंडचे दर, दिवाळीची सुट्टी, ३१ डिसेंबरचं पॅकेज, उन्हाळी सुट्टी, बदललेला मोबाइल नंबर, आणि अचानक येणाऱ्या सूचना. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या वरच्या अंगाला वाहत्या पाण्यात एक कुटुंब वाहून गेलं. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने मावळातल्या धबधबे-धरणांवर जाण्यावर निर्बंध घातले. अशी सूचना ज्या दिवशी निघते त्याच दिवशी ती प्रत्येक पानावर दिसायला हवी. गिऱ्हाइक कोणत्या पानावरून आत येईल याचा नेम नसतो. मोठे आठ बदल धरले तर वर्षाचे ३२,००० रुपये झाले.

आता तीच साइट आवरलेली असेल तर? तळाची पट्टी एका फाइलमध्ये, दर एका तक्त्यात, सूचना एका जागी. बदल आणि तपासणी मिळून एक तास, म्हणजे ८०० रुपये. आठ बदलांचे ६,४००. वर्षाला वाचले २५,६००.

आवरण्याचं काम अशा साइटसाठी माझ्या अंदाजाने ४५ तासांचं आहे. काय कुठे किती वेळा आलंय याची यादी करायला पाच तास. वरची पट्टी, मेन्यू आणि तळाची पट्टी एका साच्यात आणायला दहा. रंग, अक्षरं, बटनं यांचे नियम एकत्र करायला बारा. दर आणि भाड्याचा हिशेब एका तक्त्यावर आणायला दहा. सगळी पानं जुन्याशी ताडून बघायला आठ. ८०० च्या दराने ३६,००० रुपये. वर्षाच्या बचतीने भागलं तर साधारण सतरा महिन्यांत पैसे वसूल.

यात जीएसटी धरलेला नाही. डेव्हलपर नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे ६,४८० रुपये चढून ४२,४८० होतात. इथे बारकाईने पाहा. खोल्यांवरचा ५ टक्के दर हा इनपुट टॅक्स क्रेडिटशिवायचा आहे. १२ टक्के असताना वेबसाइटच्या बिलावरचा १८ टक्के कर वळता करून घेता येत होता. आता स्वस्त खोल्यांच्या धंद्यापुरता तो येत नाही. म्हणून हा कर सरळ खर्चात धरा. ७,५०० च्या वरच्या खोल्याही असतील तर वाटणी कशी करायची ते तुमच्या सीएंना विचारा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि त्याने नोंदणी केलेली नसेल, तर त्याला जीएसटी लावता येत नाही. बिलात कर लावला असेल तर जीएसटी क्रमांक छापलेला आहे का ते बघा.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तुमची साइट पाच पानांची आहे, एकाच भाषेत आहे आणि वर्षातून तीनदा बदलते. एका बदलाला पानं मिळून पन्नास मिनिटं आणि थोडी तपासणी, म्हणजे फार तर हजार रुपये. वर्षाचे तीन हजार. अशा साइटसाठी साफसफाईवर तीस-पस्तीस हजार घालणं हा निव्वळ अपव्यय आहे. कोणी कितीही आग्रह केला तरी घालू नका.

स्वतः तपासता येतं

डेव्हलपरला फोन करण्याआधी अर्धा तास स्वतः द्या. तुमचा जुना, बंद झालेला मोबाइल नंबर अवतरणचिन्हांत टाकून त्याच्यापुढे साइटचं नाव लिहा आणि गुगलवर शोधा. तुमच्याच साइटचं एखादं पान वर आलं, तर तो नंबर बदलताना कुठेतरी राहिला होता हे उघड आहे. मग मराठी आणि इंग्रजी पानं दोन मोबाइलवर शेजारी शेजारी ठेवा आणि भाडं जुळवा. दोन भाषांच्या साइटवर सगळ्यात आधी फरक पडतो तो इथे. घाईत इंग्रजी पान बदललं जातं आणि मराठी पान मागच्या सीझनमध्येच राहतं. गिऱ्हाइक मराठी पानाचा फोटो काढून दारात दाखवतं, तेव्हा वाद तुमच्याशी होतो, डेव्हलपरशी नाही.

नंतर ‘बुक करा’ हे बटन चार वेगवेगळ्या पानांवर बघा. एका ठिकाणी हिरवं, दुसऱ्या ठिकाणी किंचित वेगळं हिरवं, एकीकडे कोपरे गोल, दुसरीकडे टोकदार. नजरेला हा फरक किरकोळ वाटतो. आत त्याचा अर्थ असा, की एकाच बटनाचे चार वेगळे नियम लिहून ठेवले आहेत. अशा साइटचा कोड उघडला की ‘बटन’, ‘बटन-नवीन’, ‘बटन-नवीन-२’, ‘बटन-फायनल’ अशी रांग दिसते. पुढच्या माणसाला कोणतं कुठे वापरलंय ते कळत नाही. जुनं काढलं तर काय मोडेल या धास्तीने तो पाचवं बनवतो. रंग-अक्षरांचे नियम ज्यात लिहितात त्या सीएसएसमध्ये ‘इम्पॉर्टंट’ हा शब्द लावून एक नियम दुसऱ्यावर जबरदस्तीने चढवता येतो. मग त्याच्यावर चढायला तिसऱ्यालाही ‘इम्पॉर्टंट’ लावावा लागतो. रंग बदलण्यासारख्या साध्या कामाला अर्धा दिवस का मागतात, याचं उत्तर बहुतेकदा या रांगेत असतं.

लॅपटॉप असेल तर क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘कव्हरेज’ नावाचा भाग आहे. पान उघडताना उतरलेल्या सीएसएस आणि जावास्क्रिप्टपैकी किती वापरलं गेलं आणि किती नुसतं ओझं, हे तो दाखवतो. तो फक्त समोरच्या पानापुरतं आणि तेवढ्या वेळापुरतं बोलतो, हे ध्यानात ठेवा. इथे न वापरलेलं दुसऱ्या पानावर लागत असेल. गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स हे साधनही फुकट आहे. पानावरची सर्वात मोठी गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी ही गुगलची अपेक्षा. पवन मावळात मोबाइलचं नेटवर्क जागोजागी क्षीण आहे. घाटात गाडीतून बंगला शोधणाऱ्या माणसाच्या हातात तुमचं पान किती वेळात उघडतं, याला इथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त महत्त्व आहे.

एक चूक मात्र टाळा. पानाचा सोर्स उघडून प्रत्येक पानात तोच मेन्यू दिसला म्हणून ‘बघा, सगळीकडे कॉपी केलंय’ असा निष्कर्ष काढू नका. साचा वापरला असला तरी तयार पानात मेन्यू प्रत्येक वेळी येणारच. खरी नक्कल कळते ती डेव्हलपरच्या मूळ फाइलींमध्ये. ती ओळखायचा सोपा मार्ग आहे. त्याला तुमच्यासमोर फोन नंबर बदलायला सांगा आणि किती फाइली बदलल्या ते विचारा. कोड गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवलेला असेल तर बदललेल्या फाइलींची यादी पडद्यावरच येते. एक फाइल आली तर साइट आवरलेली आहे. चोवीस आल्या तर वरचं गणित तुमचंच आहे.

कामात काय काय येतं

पहिली गोष्ट साचा. मेन्यू, तळाची पट्टी, सूचनेची पट्टी यांच्या वेगळ्या फाइली करून त्या सगळ्या पानांत आपोआप जोडायच्या. यासाठी महागडं काही लागत नाही. ह्यूगो, इलेव्हन्टी, जेकिल ही साधनं फुकट आहेत. ती साच्यावरून साधी एचटीएमएल पानं तयार करून देतात. साइट पीएचपीवर असेल तर हे काम पीएचपीमध्येच होतं. चोवीस पानांच्या बंगल्याच्या साइटसाठी कोणी रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्टच्या साधनात सगळं नव्याने लिहायचं म्हणत असेल, तर कारण विचारा. रिअ‍ॅक्ट २०१३ मध्ये फेसबुकने खुलं केलं आणि मोठ्या, सतत हलत्या पडद्यांसाठी ते उत्तम आहे. पण बारा पानांच्या माहितीसाठी ते आणलं तर गुंता कमी होण्याऐवजी वाढतो, आणि पुढचा डेव्हलपर शोधणं महाग होतं.

दुसरी गोष्ट रंग-अक्षरांचे नियम. सीएसएसमध्ये रंगाला नाव देऊन तो एकदाच लिहायची सोय आजच्या सगळ्या ब्राउझरमध्ये आहे. ‘मुख्य-रंग’ एकदा ठरवला की चारही बटनं तिथूनच रंग घेतात.

तिसरी गोष्ट दर, आणि मावळातल्या साइटसाठी सगळ्यात मोलाची हीच. भाड्याचा हिशेब बघा. आठवड्यातला दिवस की विकेंड, सीझन की बिगर-सीझन, शाकाहारी की मांसाहारी, कर ५ टक्के की १८ टक्के. प्रत्येकाला दोनच पर्याय धरले तरी सोळा वाटा झाल्या. कोडमध्ये हे ‘जर असं तर तसं’ एकात एक घालून लिहिलं की सोळा वाटांपैकी दोन-तीन कोणी कधी तपासतच नाही. नेमक्या त्याच वाटेने ३१ डिसेंबरचं गिऱ्हाइक येतं. टॉमस मकेब यांनी १९७६ मध्ये प्रोग्रॅममधल्या अशा स्वतंत्र वाटा मोजून गुंता आकड्यात मांडायची पद्धत दिली. आज जावास्क्रिप्ट तपासणाऱ्या ईएसलिंट या फुकट साधनात तोच नियम बसवलेला आहे. एका फंक्शनमध्ये वीसपेक्षा जास्त वाटा झाल्या की तो इशारा देतो. डेव्हलपरला हा नियम चालू करून मर्यादा दहावर ठेवायला सांगा.

उपाय मात्र साधन नाही, तक्ता आहे. दर कोडातून बाहेर काढायचे आणि एका फाइलमध्ये मांडायचे : बंगला, दिवस, सीझन, भाडं. कराचा नियम एका जागी : ७,५०० पर्यंत हा, त्याच्या वर तो. मग पानं तो तक्ता वाचून दाखवतील. तक्ता गुगल शीटसारखा असेल तर दिवाळीचे दर घरातलं कोणीही बदलू शकतं आणि त्या बदलासाठी डेव्हलपरला पैसेच द्यावे लागत नाहीत. मराठी पानासाठी वेगळा तक्ता लागत नाही. आकडा एकदाच साठवायचा. मराठी पानावर तो ‘५,२५०’ असा देवनागरीत दाखवण्याची सोय ब्राउझरमध्येच आहे. मजकूर दोन भाषांत वेगळा राहील आणि आकडे मात्र एकच.

चौथी गोष्ट ‘जवळची ठिकाणं’. हा मजकूर पाचही बंगल्यांच्या पानांवर चिकटवलेला असतो : कार्ला लेणी, भाजे, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं आणि त्यात लोहगड आहे. ज्याच्या साइटवर लोहगडाची माहिती एका जागी होती त्याने एक ओळ घातली आणि ती सगळीकडे गेली. बाकीच्यांनी घातली ती बहुधा होमपेजवर, आणि काम थांबलं.

जे एकत्र करू नये

सारखं दिसतं म्हणून सगळं एकत्र करायचं नसतं. साफसफाईचा उत्साही डेव्हलपर इथेच चुकतो आणि पैसे तुमचे जातात. बंगल्याचं कार्ड आणि कॅम्पचं कार्ड घ्या. वर फोटो, खाली नाव, भाडं, बटन; दोन्ही हुबेहूब. म्हणून एकच कार्ड बनवलं. मग कळतं की बंगल्याचं भाडं रात्रीचं असतं आणि कॅम्पचं माणशी. बंगल्याला माणसांची कमाल मर्यादा, कॅम्पमध्ये जेवण आणि बार्बेक्यू धरलेलं. बंगल्याला चेक-इन दुपारी, कॅम्पला संध्याकाळी. प्रत्येक फरकासाठी त्या एका कार्डात ‘कॅम्प असेल तर’ अशी अट घालावी लागते. सहा महिन्यांत ते कार्ड कोणालाच वाचता येत नाही आणि कॅम्पसाठी केलेला बदल बंगल्यांची पानं मोडतो. यापेक्षा दोन वेगळी, साधी कार्डं बरी.

एक गोष्ट एका जागी लिहावी हे तत्त्व अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी १९९९ च्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’मध्ये मांडलं, पण त्यांचा रोख माहितीवर होता, नुसत्या दिसण्यावर नाही. त्याच वर्षीच्या मार्टिन फाउलर यांच्या ‘रिफॅक्टरिंग’मध्ये एक व्यवहारी नियम आहे : दुसऱ्यांदा नक्कल झाली तर चालवून घ्या, तिसऱ्यांदा झाली की एकत्र करा. प्रोग्रॅमर सँडी मेट्झ यांचं मत तर असं, की चुकीच्या ठिकाणी केलेली एकजूट नकलेपेक्षा महाग पडते. ग्राहक म्हणून तुम्ही विचारायचा प्रश्न सोपा आहे : ‘यातलं एक बदललं तर दुसरं नेहमीच बदलणार का?’ फोन नंबर, कर, रंग, सूचना यांचं उत्तर ‘हो’. कार्डांचं उत्तर ‘नाही’.

साइट वर्डप्रेसवर असेल तर

मग मेन्यू आणि तळाची पट्टी बहुधा एकाच जागी आहे आणि काम कमी आहे. नक्कल असते ती पेज-बिल्डरमध्ये पानावर चिकटवलेल्या तुकड्यांत. एकदा लिहून अनेक पानांवर वापरायचा तुकडा वर्डप्रेसमध्ये आधीपासून आहे. ऑगस्ट २०२३ च्या ६.३ आवृत्तीपासून त्याला ‘सिंक्ड पॅटर्न’ म्हणतात. तुकडे त्यात हलवणं आणि बंद पडलेले प्लगिन काढणं, हे बारा-पंधरा तासांचं काम आहे, म्हणजे वरच्या दराने दहा ते बारा हजारांचं. थीमच्या मूळ फाइलीत कोणी हात घातला असेल तर आधी तो बदल चाइल्ड थीममध्ये हलवून घ्या. नाहीतर थीमचा पुढचा अपडेट तो पुसून टाकतो. विक्ससारख्या तयार मंचावर साइट असेल तर कोड आवरण्याच्या नावाखाली कोणाला पैसे देऊ नका. तिथे तो तुमच्या हातात नसतोच.

आणि साइट कितीही आवरली तरी बुकिंग पोर्टल, इन्स्टाग्राम आणि गुगल नकाशावरचे दर तुम्हाला वेगळे बदलावेच लागतील.

कोणाकडून, आणि कोणत्या अटींवर

हिंजवडी आणि पिंपरी-चिंचवड हाकेच्या अंतरावर असल्याने तळेगाव-वडगाव भागात फ्रंट-एंडचं काम येणारे बरेच जण राहतात. संध्याकाळी स्वतंत्र काम घेणारेही आहेत. कुसगाव, तळेगाव इथे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. विद्यार्थ्याकडून काम स्वस्तात होतं, पण यादी करणं आणि शेवटची तपासणी अनुभवी माणसाकडे ठेवा. एआयकडून कोड लिहून घेणारेही आता भेटतील. त्यात वावगं काही नाही, पण अट तीच ठेवा : फोन नंबर बदलला की एकच फाइल बदलली पाहिजे.

काम दोन भागांत द्या. आधी फक्त यादी, पाच तासांची, ४,००० रुपयांची. त्यात काय किती ठिकाणी आहे आणि कशाला किती तास लागतील हे लिहून घ्या. यादी तुमच्या हातात आली की पुढचं काम दुसऱ्याकडेही देता येतं. थेट ‘सगळं नवीन बनवू’ असं कोटेशन आलं तर दोन गोष्टी विचारा. शंभर तासांच्या खाली ते होईल का? आणि जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळवले जाणार आहेत का? ते वळवले नाहीत तर गुगलवर वर्षानुवर्षं मिळवलेली जागा जाते.

साफसफाई आणि नवं रूप ही कामं एकदम करू नका. साफसफाईत पान आधी दिसत होतं तसंच दिसलं पाहिजे. म्हणूनच ते तपासता येतं. काम सुरू होण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवरचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि नंतर जुळवा. रूपही त्याच वेळी बदललं तर काय मोडलं आणि काय मुद्दाम बदललं हे कोणालाच सांगता येत नाही.

पैसे तीन टप्प्यांत द्या : सुरुवातीला ३० टक्के, साचा चालू झाल्यावर ४० टक्के, तपासणीनंतर ३० टक्के. तपासणी म्हणजे तुमच्यासमोर चार बदल : फोन नंबर, कराचा दर, बटनाचा रंग आणि वरची सूचना. प्रत्येक बदल एका जागी झाला पाहिजे आणि चोवीस पानांवर दिसला पाहिजे. हे चार बदल कोटेशनमध्येच लिहून घ्या. पुढची वार्षिक देखभाल ‘पानामागे इतके’ अशी कधीही ठरवू नका. पानामागे पैसे मिळणाऱ्याला नक्कल कमी करण्यात काहीच फायदा नसतो. तासाचा दर आणि वर्षाचे ठरावीक तास, असा करार करा.

कायद्याची बाजूही नीट बघा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणकाचा कोड ही साहित्यकृती मानली जाते. बाहेरच्या डेव्हलपरने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, लेखी करार नसेल तर, तोच असतो. तुम्ही पैसे दिले म्हणून मालकी आपोआप तुमच्याकडे येत नाही. हक्क लेखीच द्यावे लागतात. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरते धरले जातात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. म्हणून एक वाक्य हवंच : ‘या कामाच्या कोडचे सर्व हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी ग्राहकाकडे हस्तांतरित.’ डोमेन तुमच्या नावावर, होस्टिंगचा पासवर्ड तुमच्याकडे आणि कोडचं गिट खातं तुमच्या ईमेलवर असलं पाहिजे. व्यवसायासाठी घेतलेल्या सेवेला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार सहज मिळत नाही. वाद झाला तर हातात असणार आहे तो हाच कागद.

बंगलेवाल्यांनी हे काम बोर्डाच्या परीक्षांच्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावं. तेव्हा गर्दी कमी असते आणि पावसाळ्याआधी साइट तयार होते. टेंटवाल्यांना पावसाळाच सोयीचा. दहा पानांच्या आत आणि एका भाषेत असलेली साइट आहे तशी ठेवा. त्याहून मोठी, दोन भाषांची आणि सीझनगणिक दर बदलणारी असेल, तर या वर्षी यादीपुरते चार हजार खर्च करा आणि ती यादी हातात आल्यावरच पुढचा आकडा ठरवा.